बाद फेरीची पहिली पायरी

आपल्या शाळेच्या वार्षिक अंकाचीं पानें चाळतांना प्रत्येक वर्षीं माझ्या मनांत एक विचार येतो. क्रीडाविभाग उघडावा, तों विजयी संघांचीं छायाचित्रें समोर येतात. मध्यभागीं ढाल, दोन्ही बाजूंस ताठ उभे राहिलेले खेळाडू, खुर्च्यांवर मुख्याध्यापक व क्रीडाशिक्षक, आणि खालीं नांवें. हें सर्व योग्यच आहे. ज्यांनीं श्रम करून यश मिळविलें त्यांचें कौतुक शाळेनें करावयाचें नाहीं तर कोणीं करावें? परंतु त्याच वर्षीं पहिल्याच फेरींत हरून परत आलेला एखादा संघहि शाळेंत असतो. त्यानेंहि तेंच मैदान झाडलेलें असतें, तोच घाम गाळलेला असतो. त्याचें छायाचित्र कोणी घेत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर, तें घ्यावें असें त्यालाहि वाटत नाहीं. या वर्षीं संपादकांनीं मजकडे लेख मागितला, तेव्हां त्या न काढलेल्या छायाचित्राची रिकामी जागा चार शब्दांनीं भरून काढावी असें मीं ठरविलें.

मी कांहीं क्रीडाशिक्षक नव्हें. वर्गांत मराठी आणि इतिहास शिकवितों. खेळाडू म्हणून माझी योग्यता शून्य. मात्र कबड्डीचा प्रेक्षक म्हणून माझी सेवा पस्तीस वर्षांहून अधिक झाली आहे. आणि 'यू मुंबा' हा मुंबईचा व्यावसायिक संघ निघाला त्या दिवसापासून मी त्याचा एकनिष्ठ चाहता आहें. ठाण्याच्या शाळेंतील शिक्षकानें डोंबिवलीहून रोज लोकलच्या गर्दींतून यावें-जावें आणि जीव मात्र मुंबईच्या संघासाठीं टाकावा, यांत कोणास विसंगति वाटेल. पण आपल्या या भागांतील निम्मीं माणसें पोटासाठीं मुंबईचीं आणि झोपण्यापुरतीं ठाण्या-डोंबिवलीचीं असतात. तेव्हां मुंबईच्या पराभवांतील आमचा वाटा आम्हांस कोणी नाकारूं नये.

तरुण वाचकांस प्रो कबड्डीची माहिती मजपेक्षां अधिक असेल. पालकांकरितां मात्र थोडें सांगितलें पाहिजे. ज्या खेळास आमचे आजोबा हुतूतू म्हणत, ज्याचें प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं जगास दाखविलें, आणि जो १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत पदकांसाठीं प्रथम खेळला गेला, त्या आपल्या मातींतील खेळाची ही व्यावसायिक स्पर्धा २०१४ सालीं सुरू झाली. माती गेली, मॅट आली. अनवाणी पायांत बूट आले. चढाईस तीस सेकंदांचें घड्याळ लागलें. पण मध्यरेषा ओलांडून सात जणांच्या घरांत एकट्यानें शिरावयाचें, आणि श्वास कोंडण्यापूर्वीं परत यावयाचें, हें खेळाचें मूळ तेंच राहिलें.

मुंबईचा संघ पहिल्या तीनहि मोसमांत अंतिम सामन्यापर्यंत गेला. २०१४ मध्यें जयपूरनें त्यास ३५-२४ असें हरविलें. २०१५ मध्यें अनुपकुमारच्या नेतृत्वाखालीं त्यानें बंगळूरचा ३६-३० असा पराभव करून करंडक मिळविला. २०१६ मध्यें पाटण्याच्या संघानें अवघ्या तीन गुणांनीं तो आमच्या हातून काढून घेतला. त्यानंतर आमच्या नशिबीं अंतिम सामना आला नाहीं. आलें तें बहुधा साखळींतूनच बाहेर पडणें, किंवा बाद फेरीच्या पहिल्या एक-दोन पायऱ्यांवरून परत फिरणें. २०१९ सालीं अहमदाबादेस आम्ही पहिली पायरी चढलों, आणि उपांत्य सामन्यांत बंगालकडून ३७-३५ असे दोन गुणांनीं घसरलों. त्या रात्रीं मी जेवलों नाहीं, ही गोष्ट माझ्या पत्नीनें कित्येक दिवस पाहुण्यांस सांगितली.

या पहिल्या पायरीविषयींच मला बोलावयाचें आहे. २०२४ च्या अकराव्या मोसमांत बारा संघ होते. प्रत्येकाचे बावीस सामने, एकूण १३२. त्यांतून सहा संघ पुढें गेले. पहिल्या दोघांस थेट उपांत्य सामन्यांत प्रवेश; उरलेल्या चौघांपैकीं तिसऱ्याची सहाव्याशीं आणि चौथ्याची पांचव्याशीं एकाच संध्याकाळीं गांठ. या सामन्यांस इंग्रजी शब्दानें एलिमिनेटर म्हणतात. म्हणजे काढून टाकणारा. नांवांतच सर्व आलें.

माझ्या वडिलांच्या तोंडीं कबड्डीच्या तीन जुन्या प्रकारांचीं नांवें नेहमी असत: संजीवनी, गामिनी आणि अमर. अमर प्रकारांत बाद झालेला गडी मैदानांतच राहतो. प्रतिपक्षास फक्त गुण मिळतो. संजीवनींत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला, कीं आपला बाहेर बसलेला एक गडी जिवंत होऊन आंत येतो. आजची कबड्डी ही या संजीवनी जातीची. परंतु गामिनी प्रकार निष्ठुर असे. त्यांत एकदां बाद झालेला गडी संघांतील शेवटचा माणूस बाद होईपर्यंत बाहेरच बसून राही. बाबा म्हणत, "गामिनी खेळलेल्या माणसाला आपल्या पायाची किंमत कळते."

मला वाटतें, साखळी सामने म्हणजे संजीवनी आणि बाद फेरी म्हणजे गामिनी. साखळींत आज हरलें तरी चार दिवसांनीं पुन्हां सामना असतो. त्या मोसमापर्यंत तर असा दयाळू नियम होता, कीं विजयास पांच गुण, बरोबरीस तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनीं हरलेल्या संघासहि सांत्वनाचा एक गुण. म्हणजे पराभवांतहि थोडी शिल्लक उरे. बाद फेरींत शिल्लक कांहीं उरत नाहीं. तेथें एका गुणानें हरलेला आणि तीस गुणांनीं हरलेला एकाच गाडीनें घरीं जातो.

शिक्षकाच्या संवयीनें मीं एकदां याचें गणित मांडून पाहिलें. बाद फेरींत सहा संघ, आणि सामने पांच: दोन एलिमिनेटर, दोन उपांत्य, एक अंतिम. प्रत्येक सामना एका संघास घरीं पाठवितो. म्हणजे सहांपैकीं पांच संघांचा मोसम पराभवानेंच संपतो. शालेय स्पर्धेंत ३२ संघ उतरले तर ३१ सामने होतात आणि ३१ संघ हरतात. त्यांपैकीं १६ पहिल्याच फेरींत. तेव्हां हरणें हा अपवाद आणि जिंकणें हा नियम, अशी जी आपली समजूत असते, ती गणिताच्या पाटीवर टिकत नाहीं. नियम हरण्याचाच आहे. प्रश्न एवढाच उरतो, कीं त्या वेळीं आपण कोठें असतों.

हा प्रश्न मला फार जुना आहे.

१९८८ सालच्या हिवाळ्यांतील गोष्ट. मी दहा वर्षांचा होतों. आम्ही कल्याणास राहत होतों. बाबा रेल्वेच्या लोको शेडमध्यें फिटर होते, आणि आमच्या चाळींतील मंडळाच्या कबड्डी-संघाचे कर्णधार. त्यांची जागा उजव्या कोपऱ्यांत. अंगानें ते आडदांड नव्हते. पण चढाई करणाऱ्याचा घोटा त्यांच्या पंजांत एकदां आला, कीं तो सुटत नसे. शेडमधील पाने आवळून आवळून त्यांच्या बोटांस ती शक्ति आली होती, असें आई हंसून म्हणे. त्या वर्षीं एका मैदानावर रात्रीचे सामने होते. चुन्याच्या रेघा, बांबूंचें कुंपण, विजेच्या दिव्यांच्या माळा, आणि कर्ण्यावरून सारखी चाललेली सूचना. आमचा सामना पहिल्याच फेरींतला. मीं माझ्या सर्व मित्रांस सांगून ठेवलें होतें, कीं बाबा ढाल आणणार.

उत्तरार्धांत आमच्यावर लोण चढला. सातहि गडी बाद. प्रतिपक्षाचीं माणसें नाचूं लागलीं. माझ्या शेजारचा एक मुलगा म्हणाला, "तुझे बाबा तर पहिलेच उठले." मला तें सोसलें नाहीं. मी बांबूंखालून निघालों आणि घरीं पळत आलों. आईनें विचारलें, तेव्हां "हरले" एवढेंच सांगून अंथरुणांत शिरलों. सामना संपावयास अद्याप अवकाश होता.

रात्रीं बाबा आले. कोपर खरचटलें होतें. आई त्यावर हळद लावीत होती. मागून मला समजलें, कीं त्या लोणानंतर आमच्या संघानें एक-एक गुण भरून काढला होता, आणि शेवटीं तो एका गुणानें हरला होता. बाबा माझ्या अंथरुणाशीं येऊन बसले. त्यांच्या अंगाला मातीचा आणि घामाचा वास येत होता. त्यांनीं विचारलें, "शेवटची पकड पाहिलीस?"

मीं म्हटलें, "हो."

ते कांहीं वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. उपासनेहून परत आल्यावर बाबांनीं मला चाळीच्या अंगणांत उभें केलें आणि म्हणाले, "ये, चढाई कर." मी दम घेत त्यांच्यावर चालून गेलों. पाय पुढें टाकला मात्र, तोंच त्यांनीं खालीं वांकून माझा घोटा धरला, खांदा माझ्या गुडघ्यास टेकला आणि मला अलगद मातींत बसविलें. "अशी," ते म्हणाले. आणि घरांत गेले. मला तो रविवारचा खेळ वाटला. त्यानंतर बाबा स्पर्धेंत कधीं उतरले नाहींत. त्यांचें वय झालें होतें. २०११ सालीं ते गेले. प्रो कबड्डी त्यांनीं पाहिली नाहीं. मीं त्यांना खोटें सांगितलें होतें, हें सांगावयाचें राहूनच गेलें. आणि त्या रात्रींची शेवटची पकड पाहावयाची राहिली, ही रुखरुख माझ्या मनांत इतकीं वर्षें होती.

आतां अलीकडच्या दोन वर्षांकडे वळतों. २०२४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या शाळेचा सतरा वर्षांखालील मुलांचा संघ आंतरशालेय स्पर्धेस गेला. क्रीडाशिक्षकांबरोबर मीहि गेलों होतों. त्या संघांत माझा मुलगा होता, हेंहि त्याचें एक कारण. पहिल्याच फेरींत आपण १९ गुणांनीं हरलों. आपल्या मुलांनीं वाईट खेळ केला असें मी म्हणणार नाहीं. समोरचीं मुलें दोन वर्षें एकत्र खेळत होतीं. आपलीं दोन महिने. साखळी धरून पकड करण्यास एकमेकांच्या मनगटाची ओळख असावी लागते, ती दोन महिन्यांत होत नाहीं. परत येतांना ठाणें स्थानकावर मुलांस वडापाव दिला. एरवी पैजेनें खाणारीं तीं मुलें, त्या दिवशीं अर्धा-अर्धा वडा कागदांत तसाच राहिला. डोंबिवलीच्या गाडींत माझा मुलगा दाराकडे तोंड करून उभा होता. घरीं पोहोंचल्यावर त्यानें बूट धुतले, वाळविले, पिशवींत बांधले आणि माळ्यावर टाकले. "मी उद्यांपासून सरावास जाणार नाहीं," एवढें तो म्हणाला. मी शिक्षक असून त्या वेळीं त्याला सांगण्यासारखें मजजवळ कांहीं नव्हतें.

त्याच वर्षीं मुंबईचा संघ साखळीच्या अगदी शेवटच्या दिवसांत पहिल्या सहांमध्यें आला. पांचवा क्रमांक. एलिमिनेटर सामने पुण्यास, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलांत, गुरुवार ता. २६ डिसेंबर रोजीं. नाताळची सुटी होती; मुलाचे मामा पिंपरीस राहतात. मुलास विचारलें, तेव्हां त्यानें खांदे उडविले. पण दुसऱ्या दिवशीं कल्याणास गाडींत चढतांना तो माझ्या पुढें होता.

त्या संध्याकाळीं पहिला सामना जयपूर आणि उत्तर प्रदेश यांचा. जयपूर म्हणजे २०१४ सालीं आम्हांस हरविणारा आणि २०२२ सालीं पुन्हां विजेता झालेला संघ. तो त्या दिवशीं ४६-१८ असा, म्हणजे २८ गुणांनीं हरला. आमच्या आसपासचे कांहीं मुंबईकर दहा वर्षांपूर्वींचा सूड उगवल्याच्या आनंदांत ओरडत होते. मीहि प्रारंभीं हंसलों. पण उत्तरार्धांत गुणफलकाकडे पाहावेनासें झालें. दोनदां करंडक उचललेला संघहि बाद फेरीच्या पहिल्या संध्याकाळीं इतका उघडा पडूं शकतो, हें दृश्य हंसण्यासारखें नाहीं. मुलगा मात्र टक लावून पाहत होता. १९ गुणांनीं हरलेल्या मुलास २८ गुणांनीं हरणाऱ्या मोठ्या माणसांकडे कसें पाहावें हें माझ्यापेक्षां अधिक समजत असावें.

नंतर आमचा सामना. समोर पाटणा: २०१६ सालीं आमचा करंडक नेणारा तोच संघ. त्यांच्याकडे देवांक आणि अयान हे दोन चढाईचे गडी; त्यांपैकीं देवांक हा त्या मोसमांत चढाईचे सर्वाधिक गुण मिळविणारा. आमच्याकडे सुनीलकुमारसारखा बचावांत मुरलेला कर्णधार. ज्यांनीं कबड्डी दूरचित्रवाणीवरच पाहिली असेल त्यांस सांगतों, कीं प्रत्यक्ष मैदानाजवळ बसल्यावर या खेळाचा आवाजच निराळा असतो. मॅटवर बुटांची करकर, पकड झाल्याबरोबर सहा-सात देहांचा एकदम उठणारा धप्प आवाज, आणि त्यानंतर अर्धा क्षण सर्वांचें लक्ष पंचांच्या हाताकडे. तो हात कोणत्या बाजूस वर होतो, यावर हजारों माणसांचा श्वास अडकलेला असतो.

शेवटचें मिनिट लागलें तेव्हां सामना आमच्या हातून गेला होता. लोक उठूं लागले. मुंबईहून आलेल्या नारिंगी सदऱ्यांची एक रांगच्या रांग दाराकडे निघाली. मीहि उठलों आणि मुलाला म्हटलें, "चल, पिंपरीची बस चुकेल." बस चुकण्याची भीति खरी होती, पण मला उठविणारी भीति ती नव्हती, हें मला तेव्हांच कळत होतें.

मुलगा जागचा हलला नाहीं. मैदानावरची नजर न काढतां तो म्हणाला, "पप्पा, ते अजून खेळताहेत."

मी खालीं बसलों.

त्या मिनिटांत कांहीं चमत्कार झाला नाहीं. पाटणा ३१, मुंबई २३. आठ गुण. साखळींतहि आठ गुणांच्या पराभवास सांत्वनाचा गुण मिळत नसे. शिट्टी झाली, दोन्ही संघांनीं एकमेकांचे हात हातांत घेतले. मुलगा उभा राहून टाळ्या वाजवीत होता. त्याच्या पुढें-मागें बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

बस चुकली ती चुकलीच. रिक्षावाल्यानें दुप्पट भाडें सांगितलें, आणि तें मीं मुकाट्यानें कबूल केलें. वाटेंत थंडी होती. काय मनांत आलें कोण जाणे. मीं मुलाला १९८८ ची सारी हकीकत सांगितली. बांबूंखालून पळालों तें, आईला "हरले" म्हणालों तें, आणि बाबांशीं खोटें बोललों तें. ती शेवटची पकड मीं पाहिली नाहीं, आणि आतां ती कधींच पाहावयास मिळणार नाहीं, हेंहि सांगितलें. दुसऱ्या दिवशींच्या अंगणांतल्या खेळाची गोष्ट केवळ आठवली म्हणून शेवटीं जोडली.

मुलगा कांहीं वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, "आजोबा 'अशी' म्हणाले. 'अशी' म्हणजे कोणती, पप्पा?"

मी दुसऱ्यांस वाक्यांतील सर्वनाम कोणत्या नामाबद्दल आलें आहे तें ओळखावयास शिकवितों. छत्तीस वर्षें तो एक शब्द माझ्या कानांत होता, आणि तो कशाबद्दल आला होता हें मला एका नववींतल्या मुलानें विचारावें लागलें. बाबांनीं माझें खोटें त्याच रात्रीं ओळखलें होतें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मला शिक्षा केली नाहीं, जाबहि विचारला नाहीं. पाहावयाची राहिलेली पकड तेवढी दाखविली. मीं मुलाला कांहीं उत्तर दिलें नाहीं. रिक्षेच्या वाऱ्यानें डोळ्यांत पाणी येतें, ही एक सोय असते.

पिंपरीहून परत आल्यावर बूट माळ्यावरून खालीं आले. ते मीं काढले नाहींत आणि त्याविषयीं आम्ही दोघे बोललोंहि नाहीं.

चाहता म्हणून मी या बाद फेरीच्या पहिल्या पायरीवर एवढीं वर्षें काय शिकलों, तें आतां थोडक्यांत सांगतों. अंतिम सामन्यावर प्रेम करणें सोपें आहे. तेथें दोघांपैकीं कोणीहि हरला तरी त्याचें नांव इतिहासांत राहतें. पहिल्या पायरीवर हरलेल्यांचें नांव पुढच्या आठवड्यांत कोणास आठवत नाहीं. म्हणून त्यांच्याजवळ कोणी तरी शेवटपर्यंत बसलेलें असावें लागतें. चाहत्याचें काम तें. जिंकणाऱ्याभोंवतीं गर्दी आपोआप जमते. तेथें आपण एक अधिक असलों-नसलों तरी चालतें.

दुसरें असें, कीं बाद फेरी गामिनी असली तरी खेळणाऱ्याचें आयुष्य हें संजीवनीच असतें. २०१९ च्या एलिमिनेटरमध्यें मुंबईनें हरियाणाच्या संघास ४६-३८ असें हरवून घरीं पाठविलें होतें. त्या रात्रीं आम्ही जल्लोष केला. हरियाणाच्या चाहत्यांकडे कोणीं पाहिलें? तोच संघ पुढें दहाव्या मोसमाच्या अंतिम सामन्यांत, १ मार्च २०२४ रोजीं, पुणेरी पलटणकडून ३ गुणांनीं हरला. आणि त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला, त्याच बालेवाडींत, आम्हांस हरविणाऱ्या पाटण्याचा ३२-२३ असा पराभव करून त्यानें आपला पहिला करंडक उचलला. आपल्या देशाच्या संघाचेंहि तसेंच. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धांत भारतीय पुरुषांनीं एकहि सुवर्णपदक दुसऱ्यास जाऊं दिलें नव्हतें. २०१८ सालीं जाकार्ता येथें उपांत्य सामन्यांतच इराणनें त्यांस २७-१८ असें अडविलें. सारा देश चकित झाला. पुढच्या हांगझोच्या स्पर्धेंत, २०२३ सालीं, त्याच इराणला अंतिम सामन्यांत ३३-२९ असें हरवून तें पदक परत आलें. बाहेर बसलेला गडी जिवंत होऊन आंत येतो. मात्र त्यानें मैदानाच्या कडेलाच बसून असलें पाहिजे. जो घरीं निघून गेला, त्याला कोणती संजीवनी जिवंत करणार?

याचा अर्थ प्रत्येक पराभवानंतर विजय ठेवलेलाच असतो, असें मात्र कोणी समजूं नये. तशी हमी मी देऊं शकत नाहीं. २०२५ च्या मोसमांत नियम बदलले. सांत्वनाचा तो एक गुणहि गेला, आणि बाद फेरींत सहांऐवजीं आठ संघ आले. पायऱ्या वाढल्या. मुंबईचा संघ पुन्हां आला, आणि पुन्हां पहिल्याच पायरीवर पाटण्याकडूनच हरला. आम्ही दोघांनीं तो सामना घरीं बसून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिला. पत्नीनें पोळ्या वाढल्या, आणि या खेपेस मी जेवलों.

आणि आपला शाळेचा संघ? याहि वर्षीं तो पहिल्याच फेरींत हरला. पण या वेळीं ३ गुणांनीं. १९ वरून ३: सोळा गुणांची ही प्रगति कोणत्याहि प्रगतिपुस्तकांत लिहिली जात नाहीं, म्हणून मी ती येथें लिहून ठेवतों. शेवटच्या मिनिटांत उजव्या कोपऱ्यांतल्या मुलानें केलेली घोट्याची एक पकड पाहण्यासारखी होती. ती मीं पाहिली. पूर्ण पाहिली. तो मुलगा कोणाचा, हें सांगण्याचें कारण नाहीं.

पालकांस एकच विनंति. मूल मैदानावरून घरीं आलें म्हणजे "जिंकलास का?" हा प्रश्न आपल्या ओठांवर येतो. तो स्वाभाविक आहे. पण गणित लक्षांत घेतां त्याचें उत्तर बहुतेक वेळां "नाहीं" असेंच येणार. त्यापेक्षां "शेवटची पकड कशी झाली?" असें विचारून पाहावें. मुलाचें उत्तर मोठें येईल. आणि शक्य असेल तर तें विचारण्याची वेळच येऊं नये म्हणून आपण स्वतः मैदानाच्या कडेला शेवटपर्यंत थांबावें. लोकलची एखादी फेरी चुकली तरी चालेल, दुसरी येतेच.

विद्यार्थिमित्रहो, या अंकांत पुढें विजयी संघांचीं छायाचित्रें येतील. त्यांचें मनापासून अभिनंदन करा. आणि वर्गांत तुमच्या शेजारच्या बांकावर यंदा पहिल्या फेरींत हरलेला एखादा मुलगा किंवा मुलगी बसली असेल, तर मधल्या सुटींत त्यांना सांगा, "आम्ही शेवटपर्यंत होतों." मात्र तें खरें असलें तरच सांगा.